पेटवण्याआधीची हाळी

आमच्याकडं चुलीत लाकूड घालण्याआधी ते दोनदा जमिनीवर आपटायचं. आत मुंग्या असतात, त्यांना निघायला वेळ द्यायचा. ही माझ्या केंदूरच्या माहेरची सवय, कासुर्डीला सासरी आले तरी सुटली नाही. माझी मुलगी चालायला लागल्यापासून माझ्याबरोबर लाकडं आपटते. भांडी विसळलेलं पाणी शेवग्याला घालते. रस्त्यात गुटख्याची पुडी टाकणाऱ्या मोठ्या माणसाला थांबवून ती परत उचलायला लावते. माझे सासरे, आबा, तिला कौतुकानं 'फौजदारीण' म्हणतात.

त्या कौतुकाला पाचटापाशी खीळ बसली. ऊस तुटून गेला की शेतात वाळक्या पानांचा गुडघाभर थर उरतो, तेच पाचट. ते कुजवावं असं मी दरवर्षी सांगते आणि आबा दरवर्षी पेटवतात. "पेटवल्याबिगर बुडख्यातनं पुढचा ऊस, खोडवा, नीट फुटत न्हाई. आमी काय काल आलो व्हय शेतीत?" यंदा नातच मध्ये पडली.

"आत ससं हायेत, आबा. आन् तितराची पिल्लं."

"त्यास्नी पाय हायेत की," आबा हसत म्हणाले.

पोर गप्प झाली. ती वाद घालते तोवर ठीक असतं, गप्प झाली की मला धास्ती वाटते.

दुपारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. बांधावरून आबांची हाळी आली, "पेटवतोय रं!" पाचट पेटवण्याआधी तीनदा असं ओरडायचं, म्हणजे आत कुणी असेल तर बाहेर येईल, ही आमच्याकडची रीत. तिसरी हाळी झाली आणि धूर उठला. तेवढ्यात शेतातून थाळी वाजल्याचा आवाज आला.

आबांची हाळी माणसांसाठी होती. सशा-तितरांना कुणीच हाळी दिली नव्हती, म्हणून ही बया थाळी बडवत आत शिरली होती.

मी अनवाणी धावले. आबांना कमी ऐकू येतं. ते खाली वाकून दुसरा कोपरा पेटवायच्या बेतात होते. मी त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावली. "पोर आत हाय!" वारा फिरला होता आणि जाळ तडतडत मधल्या सऱ्यांकडं सरकत होता. थाळी वाजली, मग खोकला, मग पुन्हा थाळी. मग काहीच नाही. देवाचं नावसुद्धा मला सुचलं नाही. मी आबांना तोंडाला येईल ते बोलले, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला गुंडाळून ते धुरात घुसणार, तोच कालव्याच्या बाजूला थाळी पुन्हा वाजली.

आम्ही बांधाबांधानं पळालो. पोर तिथल्या पाटाच्या पाण्यात उभी होती, केसापासून पायापर्यंत राखेनं माखलेली. मी आधी तिला एक ठेवून दिली आणि मग पोटाशी धरून रडले.

आंघोळ घालताना तिनं एक मूठ घट्ट मिटून ठेवली होती. माझ्या माराचा राग असेल, असं मला वाटलं. संध्याकाळी ताटावर बसली तरी घास घेईना.

"जाळात परत शिरणार नाही म्हण. दे वचन," मी म्हणाले. तिनं ताट बाजूला सारलं. माझा जीव पुन्हा वरखाली व्हायला लागला, कारण कालव्यावरच्या आमच्या दुसऱ्या तुकड्याचं पाचट अजून पेटवायचं होतं आणि ही पोर खोटं वचन देत नाही.

आबांच्या हातातली भाकरी तशीच होती. "कालव्यावरचा तुकडा न्हाई पेटवत," ते शेवटी म्हणाले. "कुजू दे तिथंच. आता तरी दे वचन." त्यांनी हात पुढं केला.

तिनं मूठ उघडली. सगळ्या बोटांवर फोड टरारले होते.

"ह्ये कवा झालं?" आबांचा हात तिथंच थांबला.

"थाळी तापली व्हती."

"मग टाकून द्यायची की गं!" मी ओरडले.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही.

"टाकली असती, तर वाजवलं काय असतं?"