पलटणीचा हंडा

कॅनडातल्या विंडसरच्या यामिनीताई देवपुजारी वर्षातून दोनदा अठराशे बारा सालच्या शिपायाची बायको होत, आणि तेव्हा त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. एरवी त्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या तपासनीस. नदीकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी हौशी मंडळी इंग्रज-अमेरिकन लढाईचा देखावा उभा करत. लाल डगलेवाले पुढे लढत आणि मागच्या तंबूंत त्यांच्या बायका धुणं, शिवण, स्वयंपाक करत. यामिनीताईंनी तिथे नऊ वर्षं कांदे सोलले, शर्ट धोपटले. "तू इंडियन, इथे कशी?" असं कुणी विचारलं, की त्या म्हणत, "पलटणी जगभर फिरल्या, मग बायका काय एकाच गावच्या असतील?" विचारणारा पुढे सरके.

मोठा हंडा मात्र बावीस वर्षं तंबूतल्या सगळ्यांत जुन्या लॉरेनचा. यंदा तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. रविवारचं चाळीस शिपायांचं जेवण यामिनीनं रांधायचं आणि जमलं तर हंडा तिचा, असं लॉरेननं जाहीर केलं. नाही जमलं, तर आयोजक चूल बंद करून बाहेरून सँडविच मागवणार होते. त्यांना तेवढं निमित्तच हवं होतं.

"नागपूरची बाई साहेबाच्या पलटणीला जेवू घालणार," त्यांचे यजमान रवींद्रराव खुर्ची उघडत म्हणाले. "पलटण वाचली म्हणजे मिळवली."

"अहो, ती लॉन चेअर छावणीच्या दोरीच्या बाहेर न्या. इथे प्लास्टिक अलाउड नाही."

बेत वाळल्या वाटाण्याचं दाट सूप आणि त्यात डुकराचं मांस. यामिनीताई पक्क्या शाकाहारी; पण ढवळायला काय जातं, खायचं थोडंच आहे? शिवाय देवाला आणि पाहुण्यांना वाढण्याआधी पदार्थ चाखायचा नाही, ही त्यांची माहेरची शिस्त. मीठ त्या वासावर आणि रंगावर ओळखत आणि चाळीस वर्षांत कधी चुकल्या नव्हत्या. त्याच भरवशावर त्यांनी हंड्यात मूठ-दीड मूठ मीठ सोडलं. मांसाचे तुकडे लॉरेननं टाकले.

तासाभरानं लॉरेननं चमचाभर चाखलं आणि तिचा चेहरा आक्रसला.

"यामिनी, मीठ घातलंस?"

"घातलं की."

"अगं, ते मांस महिनाभर मिठातच मुरलेलं असतं."

मांसाला स्वतःचं मीठ असतं, हे जन्मात कधी मांस न शिजवलेल्या बाईला कुठून सुचणार? पलीकडे मैदानात बंदुकांचे बार सुरू झाले होते. अर्ध्यापाऊण तासात शिपाई भुकेले येणार होते.

"मी सँडविच मागवते," लॉरेन हळूच म्हणाली.

"फोन छावणीत अलाउड नाही," यामिनीताई म्हणाल्या आणि पिठाच्या पोत्याकडे वळल्या.

आमटी खारट झाली तर काय करायचं, हे नागपूरच्या बाईला शिकवावं लागत नाही. त्यांनी अर्धं सूप दुसऱ्या भांड्यात काढलं, दोन्हींत उकळतं पाणी ओतलं. बिनमिठाची घट्ट कणीक भिजवली, फळीवर बाटलीनं लाटली, सुरीनं शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापले आणि भराभर सोडले. वरणफळंच ती, फक्त वरण वाटाण्याचं.

"चाख," त्या लॉरेनला म्हणाल्या.

"अजून थोडं."

आणखी चार मुठी फळं पडली, एक दणदणीत वाफ आली. लॉरेननं पुन्हा चाखलं आणि आणखी एक चमचा घेतला.

शिपाई आले, जेवले. सार्जंटनं तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. आयोजकांपैकी एकानंही वाटी पुसून खाल्ली आणि सँडविचचा विषय काढला नाही.

लॉरेननं लांब दांड्याचा डाव यामिनीताईंच्या हातात दिला. "हंडा तुझा. पुढच्या वर्षी मी दोरीच्या बाहेर बसेन, तुझ्या नवऱ्याशेजारी." ती एप्रनची घडी घालू लागली आणि घडी काही केल्या नीट बसेना. नवरा गेल्यापासून हिला या दोन शनिवार-रविवारांशिवाय दुसरं काही नाही, हे यामिनीताईंना ठाऊक होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"मी चाखत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ते डुक्कर तर मेले तरी चाखणार नाही. मग मीठ कोण बघणार?"

लॉरेनचे हात थांबले.

"माझे गुडघे, यामिनी."

"चाखायला गुडघे कशाला हवेत? स्टूल आण. लाकडी."

लॉरेननं घडी मोडली आणि एप्रन परत कमरेला बांधला.