क्वार्टरबॅकची हुलकावणी

डार्मश्टाटला आम्हाला मिळालेलं पहिलं घर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाला लागून होतं. शनिवारी दुपारी तिथे ढोल वाजायला लागायचे, लाउडस्पीकरवर कुणीतरी ओरडायचं आणि आमची तान्ही मुलगी दचकून उठायची. नवरा चिडून खिडक्या लावून घ्यायचा. एका शनिवारी मीच वैतागले, मुलीला बाबागाडीत घातलं आणि म्हटलं, झोपू देत नाहीत ना, मग निदान काय चाललंय ते तरी बघून येते.

मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या होत्या. तिथे शेजारी बसलेल्या एका जर्मन आजोबांनी मला तो खेळ समजावून सांगितला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. "आणि तो मागे उभा आहे ना," त्यांनी बोट दाखवलं, "तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो, आणि कुणाकडे फेकायचा ते त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तेवढ्यात समोरचे सगळे त्याच्या अंगावर धावून येतात."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सगळं कोसळत असताना नेमकं काय टिकून राहतं, हे बघणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. अंगावर माणसं धावून येत असताना तो मुलगा शांतपणे मैदानभर नजर फिरवत होता, ते पाहून मी तिथेच अडकले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. क्रिकेटवेडा नवरा म्हणाला, "तुला काय दिसतं त्या धक्काबुक्कीत?" मला त्यात धक्काबुक्की दिसतच नव्हती. मला तो मागे उभा असलेला एकटा माणूस दिसायचा.

काही वर्षांत माझी स्वतःची ठाम मतं तयार झाली. आमचा क्लब दर वसंतात अमेरिकेहून एक क्वार्टरबॅक आणायचा. मुलगा चांगला असायचा, हातात जोर असायचा, नमस्कार-चमत्कार करायचा. संघाला त्याची सवय होईपर्यंत उन्हाळा सरायचा, आणि पानगळ सुरू झाली की तो विमानात बसून परत जायचा. पुढच्या वर्षी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी आजोबांना म्हणायची, "दरवर्षी पाहुणा बोलावून घर चालवता येतं का? इथलंच एखादं पोर घ्या, त्याला वेळ द्या, घडवा."

"आणि तो घडेपर्यंत सामने कोण जिंकणार?"

"नाही जिंकणार. हरू की!"

आजोबा हसायचे. "आल्झो, म्हणजे बघा, पायरीवर बसून हे बोलणं सोपं आहे."

ते खरंच किती सोपं होतं, हे मला मुलगी खेळायला लागल्यावर कळलं.

क्लबमध्ये मुलांसाठी फ्लॅग फुटबॉल होता. त्यात अंगावर आदळायचं नसतं. कमरेला दोन पट्ट्या लावलेल्या असतात. त्यातली एक ओढून काढली की तो खेळाडू पकडला गेला. मुलं-मुली एकाच संघात. मुलगी प्राथमिक शाळेत असतानाच तिथे जायला लागली. पळायची झकास. त्यांची ट्रेनर एका शाळेत शिकवायची आणि स्वतः पूर्वी खेळलेली होती. एक दिवस ती मला म्हणाली, "तुमची मुलगी बाहेर उभी असली तरी कोण कुठे आहे ते तिला माहीत असतं. मी तिला क्वार्टरबॅक करून बघणार आहे."

मला आकाश ठेंगणं झालं. आणि मग आम्ही हरायला लागलो.

तो सगळा मोसम हरण्यातच गेला. मुलीने फेकलेले चेंडू आमच्या मुलांपेक्षा समोरच्यांच्याच हातात जास्त पडायचे. पालकांची कुजबुज सुरू झाली, मग ती व्हॉट्सॲपवर आली. संघात एक उंच मुलगा नव्याने आला होता, दुसऱ्या गावाहून. चेंडू मैदानाच्या पार टोकाला पोचवायचा. त्याला क्वार्टरबॅक करा, असं सगळ्यांचं म्हणणं. शेवटी ट्रेनरने पालकांना आणि मुलांना क्लबच्या खोलीत बोलावलं.

एक वडील म्हणाले, "मुलांना जिंकायची पण सवय लागायला हवी."

ट्रेनरने एकदम माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इतकी वर्षं पायरीवर बसताय. तुम्हाला काय वाटतं?"

माझे कान तापले. मुलगी समोरच बसली होती, बुटांच्या नाड्यांकडे बघत.

"आई म्हणून मला विचारू नका," मी म्हटलं, "फॅन म्हणून सांगते. त्या मुलाला क्वार्टरबॅक करायचं असेल तर खुशाल करा. पण ज्याला कराल त्याला पूर्ण मोसम द्या. दोन सामने हरल्यावर बदलू नका, नाहीतर कुणीच तयार होणार नाही. दुसरं, कोण कुठे पळणार ते आधी ठरवलेले डाव कमी करा. झोपेतून उठवलं तरी सगळ्यांना खेळता येतील असे चार-पाचच ठेवा. आणि तिसरं, हातात आलेले किती चेंडू आपल्या मुलांनी सोडले, तेही बघा. सगळं क्वार्टरबॅकच्या माथी मारू नका."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ट्रेनर म्हणाली. मग तिने त्या उंच मुलाला विचारलं, "तुला काय हवंय?"

त्याने खांदे उडवले. "मला झेलायला आवडतं. फेकू दे ना तिलाच."

प्रश्नच मिटला. घरी येताना मी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती जर्मनमध्ये म्हणाली, "तू बोलायला नको होतंस." मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, हे आमचं आधीपासूनचं. पण त्या रात्री जेवताना तिने दोनदा वरण घेतलं, तेव्हा मी ओळखलं की राग गेलाय.

डाव कमी झाले, सराव वाढला. हिवाळाभर शाळेच्या हॉलमध्ये ती मुलं त्याच त्या चार-पाच गोष्टी घोटत होती. फेक सुधारली, झेलणारेही सुधारले. एक दोष मात्र जाईना. ज्याच्याकडे चेंडू फेकायचा त्याच्याकडे ती आधीपासून टक लावून बघायची. मी सांगून दमले. "माहितेय मला!" ती म्हणायची. तिला माहीत होतंच, पण चेंडू हातात आला की नजर ऐकत नव्हती.

एप्रिलमध्ये सासूबाई सांगलीहून आल्या. पहिल्याच रविवारी सामना होता. साडीवर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे, अशा त्या पायरीवर बसल्या आणि शेवटपर्यंत नातीवरून नजर हलवली नाही. आम्ही हरलो. परतताना ट्राममध्ये त्या हळूच म्हणाल्या, "अगं, ती सांगून टाकते."

"कुणाला, आई?"

"सगळ्यांना. चेंडू जिकडे टाकायचा तिकडेच आधी बघत बसते. मी समोरच्या संघात असते तर मीही तिथे जाऊन उभी राहिले असते."

"तुम्हाला हा खेळ कळतो?"

"खेळ नाही कळत. डोळे कळतात. मी खो-खो खेळायचे ना."

शाळेत असताना त्या काहीतरी खेळायच्या, एवढं मला ऐकून माहीत होतं. लग्न होईपर्यंत त्या जिल्ह्याच्या संघात होत्या, हे त्यांच्या मुलालासुद्धा धड माहीत नव्हतं. त्या ट्राममध्ये त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. पाठलाग करणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची, म्हणून त्या डावीकडे बघायच्या आणि उजवीकडून खांबाला वळसा घालून निसटायच्या. "हुलकावणी द्यायची," त्या म्हणाल्या, "पण मनापासून. नुसती मान वळवली तर कुणी फसत नाही."

मुलगी पुढच्या सीटवर कानात हेडफोन घालून बसली होती. तिने एक हेडफोन काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरामागच्या हिरवळीवर उतरलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासूबाई, समोर मुलगी चेंडू घेऊन आणि मध्ये नवरा, अडवायला. एकीकडे बघायचं आणि दुसरीकडे टाकायचं. पहिले काही दिवस नवऱ्याने सगळे चेंडू अडवले आणि त्याचा त्याला फार आनंद झाला. सासूबाई मात्र चिकाटीच्या. "आईकडेच टाकायचाय असं धरून चाल. तुला स्वतःलाही तसंच वाटलं पाहिजे. मग शेवटच्या क्षणी बदल." नात जर्मनमध्ये काहीतरी उत्तर द्यायची, आजीला त्यातलं अक्षर कळायचं नाही, आणि दोघींचं काहीच अडायचं नाही. पुन्हा एकदा म्हणायला मुलगी "नोखमाल" म्हणायची, तो शब्द सासूबाईंनी उचलला. सबंध अंगणभर "नोखमाल! नोखमाल!" चालायचं.

मग एका संध्याकाळी मुलीने माझ्याकडे पाहिलं, खांदाही माझ्याकडे वळवला, मी हात पुढे केले, नवरा माझ्या दिशेने झेपावला आणि चेंडू सासूबाईंच्या पोटावर येऊन आदळला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. नवरा गुडघ्यांवर गवतात. मुलगी नाचत ओरडली, "हुलकावणी!" अख्ख्या दिवसातला तिचा तो एकच मराठी शब्द होता.

संघात तिने त्याचं "हुलका" करून टाकलं. जर्मन पोरांना तेवढं म्हणता यायचं. ट्रेनरनेही तो डाव त्याच नावाने घेतला.

जूनमध्ये सगळ्यात तगड्या क्लबशी सामना आला. तो आमच्याच मैदानावर होता. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला अक्षरशः धुतलं होतं. या वेळी आम्ही शेवटपर्यंत बरोबरीने होतो. मग मुलीने हुलका टाकला, आणि तो फसला. फेक थोडी उशिरा गेली आणि समोरच्या मुलीने चेंडू मध्येच पकडला. पायरीवर कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. पूर्वीची ती असती तर मान खाली घालून उभी राहिली असती. ही टाळ्या वाजवत सगळ्यांना गोळा करायला गेली, उंच मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी बोलली. सगळे हसले.

आमच्या बचावाने त्यांना रोखलं, चेंडू परत आमच्याकडे आला. वेळ संपत आलेली. डाव ठरवायला डोकी जुळवून उभ्या असलेल्या मुलांच्या वर्तुळातून आवाज आला, "हुलका!" मी सासूबाईंचा हात धरला. तोच डाव ती पुन्हा खेळत होती. चेंडू हातात आला, तिने डावीकडे पाहिलं आणि बघतच राहिली, इतकी की मलाही खरं वाटलं. समोरची दोन मुलं तिकडे धावली. चेंडू उजवीकडे गेला. उंच मुलगा तिथे एकटा उभा होता. त्याने तो झेलला आणि चालत चालत शेवटच्या रेषेपलीकडे गेला. सामना आम्ही जिंकला.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारचे आजोबा म्हणतात की ते मराठीत होतं. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "आता जमलं."

आम्ही काही विजेते वगैरे झालो नाही. मोसम संपला तेव्हा मधल्या फळीत होतो, तेही वरच्या बाजूला. पण मुलीला राज्याच्या मुलींच्या संघाच्या निवड-शिबिराचं बोलावणं आलं. आणि आमच्या मोठ्या संघाने पुढच्या वसंतात पहिल्यांदाच अमेरिकेहून कुणालाही आणलं नाही. क्लबमध्येच लहानाचा मोठा झालेला एक मुलगा क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला. सुरुवातीचे सामने तो हरला. पायरीवर लोक करवादले, तेव्हा आजोबाच त्यांना म्हणाले, "वेळ द्या त्याला." माझ्याकडे मात्र त्यांनी अजिबात पाहिलं नाही.

सासूबाईंना हे फोनवरच कळलं, कारण त्या आदल्या जुलैतच परत गेल्या होत्या. पण निघायच्या आधीच्या आठवड्यात ट्रेनरने त्यांना सरावाला बोलावलं होतं. सगळ्या मुलांना त्यांनी ओळीने उकिडवं बसवलं, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि खो कसा द्यायचा ते दाखवलं. त्या मराठीत सांगायच्या, मी जर्मनमध्ये. थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही. मैदानभर पोरं "खो!" करत उठत होती, पळत होती, हुलकावण्या देत होती.

मध्येच उंच मुलाने आमच्या मुलीला विचारलं, "तुझी आजी कुणाकडून खेळायची?"

"सांगलीकडून."

"सांगली मोठा क्लब आहे का?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "खूप मोठा," ती म्हणाली.

"काय म्हणते गं ती?" सासूबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी पदर कमरेला खोचला. "बरोबर सांगते," त्या म्हणाल्या आणि पोरांकडे वळून ओरडल्या, "नोखमाल!"