अनकट कॉपी

डॉक्टरांच्या पत्नी मालतीबाई माझ्या टेबलासमोर बसून पुस्तकाच्या एका जोडपानात डोळा लावून वाचत होत्या. विहिरीत वाकून पाहतात तसं. पान फुगवून धरायचं काम माझं.

"जोशी, जरा वर धरा. तो तिच्याशी काहीतरी फारच वाईट बोललाय, आणि पुढलं दिसतच नाही."

मी तेव्हा शहाद्याच्या लायब्ररीत लायब्ररियन होतो. नोकरी नवी होती, अजून कायम व्हायची होती. पुस्तक चंपालालशेठनी दिलेलं. ते कापडाचे व्यापारी. जिनिंग फॅक्टरीचा इंग्रज मॅनेजर विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात शेठनी एका पितळी दिव्यासाठी अख्खं खोकं उचललं. त्यात हे निघालं. एक जुनी, गाजलेली इंग्रजी विनोदी प्रेमकादंबरी. हिरवा जाड पुठ्ठा, त्यावर सोनेरी वेल, आत रेशमी फीत. मोजक्याच प्रती काढलेली आवृत्ती. शेठना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी वडिलांच्या नावाची पाटी लावून ते लायब्ररीला दिलं.

अडचण पानांची होती. छापखान्यात मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात आणि शिवतात. कडा मशीनवर कापल्या नाहीत तर घड्या तशाच राहतात आणि बरीच पानं एकमेकांना जोडलेली असतात. पहिला वाचक ती कागद कापायच्या सुरीनं सोडवतो. कोणीच सोडवली नसतील, तर शौकीन लोक तिला अनकट कॉपी म्हणतात आणि जपून ठेवतात.

हे आमच्या कमिटीचे चेअरमन वकीलसाहेब यांना कुठूनसं कळलं. त्यांनी मला फर्मावलं की एकही घडी सुटता कामा नये. कलेक्टरसाहेब दौऱ्यावर येतील तेव्हा दाखवायला होईल. मालतीबाई लायब्ररीच्या मेंबर होत्या. त्यांचं म्हणणं, कपाटातलं पुस्तक मागितलं की मिळालं पाहिजे. वकीलसाहेबांनी तोड काढली. वाचू द्या, पण कापू देऊ नका, आणि तुम्ही समोर बसा.

म्हणून रोज संध्याकाळी मी पान फुगवायला. बाई गेल्या की वकीलसाहेब येऊन घड्यांवरून बोट फिरवत. कुठे जरा चुरगळलं दिसलं की मला बोलत. गोष्टीतलं अर्धं संभाषण दिसेना की बाई मला बोलत. माझी इतर कामं तशीच पडून.

त्यातच डॉक्टरांची नवापूरला बदली झाली. बाईंना पुस्तक संपवायचं होतं. तिकडे इंग्रजी पुस्तक कुठलं मिळायला, हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला माझ्याच वैतागाचं वाईट वाटलं. पानं कापू द्यावीत, असा त्यांनी कमिटीकडे अर्ज केला. मीटिंगमध्ये वकीलसाहेब अनकट कॉपीचं महत्त्व बराच वेळ सांगत राहिले. चंपालालशेठही देणगीदार म्हणून मीटिंगला होते. पानं बंद आहेत हे त्यांना त्या दिवशीच कळलं. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला.

दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडल्या उघडल्या शेठ आले. मालतीबाई त्या दिवशी संध्याकाळची वाट न पाहता त्यांच्याही आधी येऊन बसल्या होत्या. शेठनी पुस्तक मागितलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"मन्हा बापना नावनी पाटी, अनी पुस्तक बंद? दुकानमा मी गिऱ्हाइकले घडी उघाडीसन दावस. आठे का बरं नही?"

इथे का नाही, तर मी कमिटीचं नाव घेतलं. त्यांनी खिशातून कात्री काढली. मी "शेठ, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी घडीला टोक लावलं आणि कापड फाडतात तसा एक हिसका दिला. कापड सुतावर सरळ फाटतं. कागद तसा फाटत नाही. चीर मजकुरातून आरपार गेली. शेठचा चेहरा उतरला. त्यांनी पुस्तक हळूच खाली ठेवलं.

मालतीबाईंनी माझ्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी घेतली, घडीत सरकवली आणि सावकाश पुढे ढकलली. पान सुटलं. मग दुसरं. शेठ शेजारी बसून सुटलेली पानं दाबून धरत होते. मला थांबवता आलं असतं. मी फाटलेलं पान चिकटवायला खळ करायला गेलो.

वकीलसाहेब आले तेव्हा शेवटचं प्रकरण सुटत होतं. शेठना बोलायची सोय नव्हती; ते देणगीदार. बाईंनाही नव्हती. वकीलसाहेब माझ्याकडे वळले.

"जोशी, तुम्ही काय करत होतात?"

"खळ, साहेब."

मला लेखी ताकीद मिळाली आणि कायम व्हायचं वर्षभर लांबलं. बाईंनी नवापूरला जायच्या आधी कादंबरी संपवली. परत करताना म्हणाल्या, शेवट छान आहे, मधला भाग मात्र चोरून वाचताना जास्त बरा वाटत होता. कलेक्टरसाहेब दौऱ्यावर आले, पण लायब्ररीत आले नाहीत.

पुढे मी निवृत्त होईपर्यंत एक पद्धत पाळली. नवं पुस्तक आलं की आधी फूटपट्टीनं त्याच्या सगळ्या घड्या सोडवायच्या, मग शिक्का मारायचा, आणि त्यानंतरच कमिटीला कळवायचं.