बाकी काई नाई

भागरथाबाईंनी कुणाला नुसतं ताट वाढलेलं मी कधी पाहिलं नाही. ताट समोर ठेवायच्या, पण हात त्याच्यावरून काढायच्या नाहीत. आधी सांगायच्या, "आलू-वांगे, जवसाचं तेल, तिखट, हळद, मीठ. बाकी काई नाई." मग हात काढायच्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या बसस्टँडसमोर त्यांचं भोजनालय होतं. एस.टी.चे ड्रायव्हर, फॉरेस्टचे गार्ड, बाजाराला मोहफुलं घेऊन आलेली माणसं, सगळ्यांना हेच. मटणाच्या दिवशी मटणाचंही तसंच सांगायच्या. एखादा कंडक्टर वैतागून म्हणायचा, "बाई, गाडी सुटून राह्यली, जेवू द्या ना." त्यावर बाई म्हणायच्या, "तुमच्याबिगर थे कुठी जाते? आइकून घ्या अन् मंग जेवा."

मी साताऱ्याकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवरा रस्त्याच्या ठेकेदाराकडे होता. काम सिरोंच्याच्या बाजूला सरकलं तसा तोही सरकला आणि मग त्याची खबर येईनाशी झाली. त्या दिवशी मी स्टँडच्या बाकावर बसून गाड्या सोडत होते, कारण कुठल्या गाडीत बसायचं तेच ठरत नव्हतं. बाईंनी रस्त्यापलीकडून हाक मारली, ताट ठेवलं, त्यात काय आहे ते सांगितलं. "मीबी आता जेवतो," म्हणाल्या. तिकडच्या बायका 'मी जेवतो, मी जातो' असंच बोलतात. मला हसू आलं, आणि आपण हसलो म्हणून भीती वाटली. बाई म्हणाल्या, "काऊन भेते वो माय? भांडे घासता येते ना?" तेव्हापासून मी तिथलीच झाले. मी अजूनही भिते, साधं दार वाजलं तरी. पण 'काऊन भेते वो' हे शब्द आठवले की उठून दार उघडते. एवढं त्यांनी मला दिलं.

ताटात काय आहे ते सांगायची बाईंची सवय लटारीभाऊंमुळे लागली होती. लटारीभाऊ जवळच्या गावचे धानाचे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, मांस-मच्छी कधीच सोडलेली. बाजाराच्या दिवशी जेवायला बाईंकडेच यायचे. बाईंच्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. लटारीभाऊंच्या गावचे लोक त्यांना बोलायचे, "माळकरी माणूस अन् त्याहीच्या हातचं जेवते." लटारीभाऊ एकदाच काय ते बोलले, "थे बाई सांगते त्यात काय आहे. तुमच्या बायका सांगतात काय?" मग विषय बंद झाला.

सणासुदीला बाई पुऱ्या तळायच्या वनस्पती तुपात. डब्यावर हिरवी पानं छापलेली असायची. लटारीभाऊंनी विचारलं की बाई सांगायच्या, "झाडपाल्याचं आहे भाऊ, डब्यावर पाने आहेत." चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, डब्यावरचं अक्षरन् अक्षर वाचायच्या. आणि मग पेपरात आलं की कुठंकुठं अशा तुपात जनावराची चरबी मिसळलेली सापडली. आमच्या डब्यात होती की नव्हती, हे कोण सांगणार? दुकानदाराला ठाऊक नव्हतं. डब्यावर तर त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाईंना कुणी जाब विचारला नव्हता. गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या पदर खोचून लटारीभाऊंच्या गावी चालत गेल्या, आणि मला घेऊन गेल्या. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, मी तुमाले झाडपाल्याचं म्हनून सांगतलं. थे खरं होतं का खोटं, मले सांगता येत नाई." लटारीभाऊ म्हणाले, "तुमी वाचलं थे सांगतलं. तुमची चूक नाई बाई." असं म्हणत त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि तुळशीच्या कुंडीत ठेवली.

बाजाराच्या दिवशी लटारीभाऊ येत राहिले, पण रस्त्यापलीकडे, वडाखाली. घरून आणलेली भाकर फडक्यातून सोडायचे आणि खायचे. बाईंचा आवाज तेव्हापासून चढला. आतल्या गिऱ्हाइकाला सांगायचं, पण ऐकू जायचं वडापर्यंत. वनस्पतीचा डबा तर त्यांनी केव्हाच बंद केला होता. मी म्हटलं, "बाई, आता घाण्याचं तेल वापरतो आपण. बोलवा की त्यांना." त्या म्हणाल्या, "कोनत्या तोंडानं? माझा शबूद एकदा खोटा पडला ना. डब्यावर लिहून येऊ दे, सरकारचा शिक्का येऊ दे. मंग बलावतो."

तिथून त्यांनी तो ध्यास घेतला. डब्यावर, बिस्किटाच्या पुड्यावर, आत जनावराचं काही आहे की नाही ते लिहिलंच पाहिजे, न वाचता येणाऱ्यालाही कळेल असं चिन्ह पाहिजे, असा कायदा करा. अर्ज मी लिहिला, माझ्या सातवीच्या अक्षरात, चार वेळा खोडून. मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही रिकामे डबे दोरीला टांगले आणि सह्या-अंगठे घेत बसलो. एक गृहस्थ डबे बघून हसले. "बाई, तुमच्या लोकाईले काऊन पायजे हे? तुमी तं सारंच खाता."

"खातो ना," बाई म्हणाल्या. "बकरा खातो, मच्छी खातो. पण काय खाऊन राह्यलो थे मले ठाऊक राह्यते. माळवाल्याईले ठाऊक राहू नाई काय? अन् आमच्या मानसाईवर चिठ्ठ्या लावल्याच ना तुमी इतके दिवस. आता डब्यावर लावा म्हनतो."

ते गृहस्थ निघून गेले. थोड्या वेळानं परत आले आणि अंगठा देऊन गेले, नाव मात्र सांगेनात. बाई मला म्हणाल्या, "हाबी बिनचिठ्ठीचाच डबा निंगाला."

कागद घेऊन आम्ही चंद्रपूरला गेलो. कचेरीतले साहेब सभ्य होते. म्हणाले, "बाई, असे कायदे इथं होत नाहीत, दिल्लीला होतात."

"मंग दिल्लीले धाडा. मी कुठी म्हनतो तुमी बनवा?"

"तुम्ही शाकाहारी आहात?"

"नाई."

"मग तुम्हाला एवढं काय पडलंय?"

"माझं एक गिऱ्हाईक आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद ठेवून घेतले. उत्तर आलं नाही. पोस्टमन जेवायला यायचा, बाई त्याच्याही ताटावरून हात काढायच्या आधी सगळं सांगायच्या आणि मग नुसतं त्याच्या पिशवीकडे बघायच्या. पुढं कितीतरी वर्षांनी पुड्यांवर हिरवा ठिपका आला. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुकानात उभी राहून त्याच्यावर बोट फिरवत राहिले. दुकानदार म्हणाला, "काय बाई, रंग निघते काय?"

बाई त्याच्या फार आधी गेल्या. पावसाळा सरता सरता ताप आला आणि डोक्यात गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात शुद्ध येत-जात होती. एकदा डोळे उघडून त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे बोट केलं. "यात काय आहे?"

नर्स म्हणाली, "मीठ-पाणी आहे आजी."

"बाकी?"

"बाकी काही नाही."

बाईंनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांचं बोलणं मी ऐकलं ते तेवढंच शेवटचं.

बाई गेल्यावरच्या जलदानविधीचा स्वयंपाक मी भोजनालयातच केला. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, पत्रावळी मांडल्या. आणि वडाखालून लटारीभाऊ उठून आले. गळा मोकळाच होता. पंगतीत सगळ्यांच्या मधोमध बसले. मी भात वाढला, भाजी वाढली, आणि बाईंसारखा हात पत्रावळीवर धरला. सांगायला तोंड उघडलं. तोवर लटारीभाऊंनी माझा हात हळूच बाजूला केला आणि घास घेतला.

"भाऊ, थांबा, सांगायचं राहिलं," मी म्हटलं.

"सांगू नको. दर बाजारी आइकतो मी, रस्त्यापलीकडून."

मग त्यांनी दुसरा घास केला, पण तो हातातच राहिला. "मी तं वाटच पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "थे मले आवाज देईल म्हनून. तिनं मले बलावलंच नाई."

बाई कशाची वाट पाहत होत्या, ते मला सांगता आलं असतं. मी वरणाचं भांडं उचललं, त्यांच्या भातावर वरण घातलं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, "तुरीची दाळ, हळद, मीठ. बाकी काई नाई."