चौथ्या वळणावरची जागा

आई गेल्यावर अप्पा जर्मनीत रेगेन्सबर्गला माझ्याकडे राहायला आले. कोल्हापुरात त्यांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. डोळेही अधू झाले होते. मधोमध काळपट डाग दिसायचा. "माणूस दिसतो, पण तोंड दिसत नाही," म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात असतो. तिथल्या टूरिंग कारच्या शर्यतींत तो हौसेनं मार्शलचं काम करायचा. वळणावर भिंतीमागे उभं राहून झेंडे दाखवायचे, ट्रॅकवर काही पडलं तर धावत जाऊन उचलायचं. अप्पांना या शर्यती आवडायच्या, कारण त्यातल्या गाड्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसतात. "हिचं बॉनेट उघडलं तर मला काहीतरी कळेल," म्हणायचे.

त्या वर्षीची मोठी शर्यत शुक्रवार ते रविवार होती. तिथली दुपार म्हणजे आमची सकाळ. शनिवारी नाश्त्याच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो. केशरी कपड्यांतली माणसं क्षणभर दिसायची आणि जायची.

"हा का गं?"

"नाही अप्पा."

"मग तो?"

सगळे सारखेच दिसतात, असं माझी मुलगी जर्मनमध्ये म्हणाली आणि उठून गेली. अप्पा तासभर तसेच पडद्याला नाक लावून बसले होते. मला ते बघवेना. मी भावाला फोन केला.

"अरे, कॅमेरा असतो त्या वळणावर उद्या उभा राहा ना. अप्पा नुसते शोधत बसतात."

"ताई, जागा आधी ठरलेल्या असतात. माझी चौथ्या वळणाला आहे."

"कुणाशी तरी बदलून घे. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तासाभरानं त्याचा मेसेज आला. शेवटच्या वळणावरचे एक निवृत्त शिक्षक कबूल झाले होते. चौथ्या वळणावर झाडांची सावली असते म्हणून ते उलट खूशच होते. 'अप्पांना सांग, मी हात दोनदा वर करीन.'

रविवारी आम्ही उठलो तेव्हा शर्यत बरीच पुढे गेली होती. कॅमेरा शेवटच्या वळणावर आला आणि भिंतीमागच्या एका माणसानं हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. अप्पांनी मान तिरकी केली होती. डोळ्यांच्या कडेनं त्यांना बरं दिसायचं.

"दिसला! अगं, दिसला मला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी एका गाडीचं पुढचं चाक निखळलं आणि उसळून भिंतीपलीकडे गेलं. लगेच चित्र बदललं. पडद्यावर वरून दिसणारा ट्रॅक, लाल झेंडे, हळूहळू थांबणाऱ्या गाड्या.

"कुठलं वळण होतं?" अप्पांनी विचारलं.

वळणाच्या फलकावरचा चारचा आकडा मी वाचला होता. "कळलं नाही. पण आपला नाही तिथे. आत्ताच पाहिलं ना त्याला?"

"देवाची कृपा," अप्पा म्हणाले. मीही मनात तेच म्हणाले. पहिल्यांदा मला नुसतं हायसं वाटलं होतं, हे खरं आहे.

दुपारी भावाचा फोन आला. "ताई, ते शिक्षक गेले."

मी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि दार लावलं.

"जागा बदलल्याची नोंद आहे," तो म्हणाला. "का बदलली, ते कुणी विचारलं नाही. अप्पांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. भावानं ते काम सोडलं. पुढच्या वर्षी अप्पांनी शर्यतीची चौकशी केली तेव्हा, आता इथे दाखवत नाहीत, असं मी ठोकून दिलं. पण घरी कुणीही आलं की ते सांगायचे, "मी पोराला टीव्हीवर बघितला. दोनदा हात केला त्यानं मला." तेवढं सुरू झालं की मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जायची. अप्पा गेले तेही याच समाधानात.

अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर मी ऑस्ट्रेलियाला गेले. भाऊ मला त्या शिक्षकांच्या पत्नीकडे घेऊन गेला. तो अधूनमधून तिच्या बागेतलं गवत कापून द्यायला जायचा, पण बोलला काही नव्हता. आम्ही ओट्यावर बसलो. तिनं चहा दिला. मग सहज म्हणाली, "एक मला कधी कळलं नाही. बारा वर्षं ते शेवटच्या वळणावर उभे राहत. त्याच दिवशी तिकडे कसे गेले?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "माझ्यामुळे." आणि सगळं सांगितलं. अप्पांचे डोळे, मी केलेला फोन, सगळं.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मग दिसला का तो तुमच्या वडिलांना?"

"दिसला."

ती उठली आणि आत गेली. बराच वेळ आम्ही थांबलो. ती बाहेर आली नाही. भावानं कप उचलून एका बाजूला ठेवले, आणि आम्ही फाटक लावून निघालो.