सोललेला हात

मोरीत मला उकिडवं बसवलं होतं. दोन मुलींनी माझा डावा हात धरला होता. रेक्टरबाई टाचा घासायच्या वज्रीने माझं गोंदण घासत होत्या. आधी धुण्याचा सोडा चोळला होता. कातडं लाल झालं, मग पांढरं पडलं, मग रक्त आलं.

"थोडं सहन कर गं," एक मुलगी म्हणाली. "छान दिसशील."

ती चेष्टा करत नव्हती. मनापासून म्हणत होती.

त्या दिवशी कुलगुरूबाई वसतिगृह पाहायला येणार होत्या. चांद्याच्या रानातून बायकांच्या विद्यापीठात आलेली पहिली मुलगी म्हणून स्वागताचं भाषण मला दिलं होतं. मी ते पाठ केलं होतं. आम्ही ढिवर. माझी माय चामोर्शीच्या बाजारात मासे विकते. घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलं नाही. ते भाषण मला देवाच्या प्रसादासारखं वाटत होतं.

सकाळी रेक्टरबाईंनी माझे हात पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे ठिपके, मधे एक मासोळी. लांब बाह्यांचं पोलकं माझ्याकडे नव्हतं. "हे घेऊन कुलगुरूंपुढे उभी राहणार?" त्या म्हणाल्या आणि मला मोरीत नेलं.

आमच्याकडे मुलगी न्हाती होण्याआधी तिला गोंदतात. मी रडत होते तेव्हा माय म्हणाली होती, "बाकी सारं इथीच राह्यते माय, मेल्यावर हेच सोबत येते." हे रेक्टरबाईंना सांगावं असं वाटलं. सांगितलं नाही. वाटलं, या शिकलेल्या आहेत. शिकायचं म्हणजे हेही करावं लागत असेल. लिहायला लाज वाटते, पण डावा हात मी गप्प बसून सोलू दिला.

मग त्यांनी उजवा हात ओढला. म्हणाल्या, "जनावराला डागतात तसं पोरीला डागलं. कसली आई ही."

मी लाथ मारली. बादली उलटली, त्या पाण्यात पडल्या. उठल्या त्या धुण्याचं धोपाटणं घेऊनच. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानाजवळ. तिसऱ्याच्या आत मी धोपाटणं हिसकावलं. मारलं नाही. मारावंसं वाटलं. अजूनही वाटतं. त्या मुली भिंतीला चिकटल्या होत्या. मी धोपाटणं टाकलं आणि ओल्या लुगड्यानिशी तशीच सभागृहात गेले.

कुलगुरूबाई व्यासपीठावर बसल्या होत्या. पाठ केलेलं भाषण आठवत होतं, पण मी दोन्ही हात पुढे केले.

"बाई, हे तुमच्या वसतिगृहात झालं. माझं गोंदण खरडून काढलं."

कुलगुरूबाई स्वतः खाली उतरल्या, आपल्या रुमालाने माझा हात बांधला. मला रडू आलं. वाटलं, आपलं माणूस भेटलं.

संध्याकाळी त्यांनी मला कचेरीत बोलावलं. रेक्टरबाई तिथेच खुर्चीवर होत्या.

"यांचं चुकलं, मी त्यांना समज दिली आहे," कुलगुरूबाई म्हणाल्या. "पण तू बाईंवर पाय उचललास. चारचौघांत संस्थेची शोभा केलीस. हे विद्यापीठ उभं करताना लोकांनी आमच्यावर शेण फेकलं आहे, मुली. त्यांच्या हातात कोलीत देऊ नकोस. माफी माग आणि राहा."

त्यांचे डोळे भरले होते. खोटं नव्हतं ते.

मी म्हटलं, "तुमच्यावर बाहेरच्यांनी फेकलं बाई. मले तर घरातच सोललं."

"म्हणजे माफी मागणार नाहीस?"

"नाई."

"मग वसतिगृहात जागा नाही."

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. मायने मला दारात पाहिलं. "काऊन आली व?" म्हणता म्हणता तिने हातावरचा रुमाल सोडला. मासोळी होती तिथे बोट ठेवलं.

"कोनं केलं?"

"शिकलेल्या बायांनी."

"मंग आता शिकनं सोडून राह्यली का तू?"

या प्रश्नाचं उत्तर इथे देते.

सोडणार नाही. याच विद्यापीठात घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येतं. घरात अडकलेल्या बायकांसाठी त्यांनी ती सोय केली आहे, आणि मी ती घेणार आहे. माफी न मागता. पदवी घ्यायला त्याच व्यासपीठावर चढेन. कुलगुरूबाईंनी दिली तर घेईन. नाही दिली तर टेबलावरून उचलीन. मधे कोणी माझ्या अंगाला हात लावला, तर या वेळी मी फक्त हिसकावून थांबणार नाही.