दाराला टेकवलेली काठी

रशियात मला पहिला धक्का बसला तो मुक्यांचा. नातीच्या मैत्रिणीच्या आजीला मी हात जोडून जयभीम केला, तर त्या बाईनं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिसरा पुन्हा पहिल्याच गालावर! माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात दिवसाउजेडी कधी माझा हात धरला नव्हता.

नात तिकडे डॉक्टरकी शिकत होती. "आजी, एकदा येऊन तर पाह्य," असा तिनं हट्टच धरला. मी तेव्हा नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे अगदीच पोरसवदा. आमच्या कारध्याच्या पुलापलीकडं भंडारा आणि भंडाऱ्यापलीकडं दुनिया, एवढाच माझा भूगोल. तरी रशियाला चार गोष्टी शिकवून यायच्या, या तयारीनं ही शहाणी बाई विमानात बसली होती.

आपल्याकडं तीन-चार गावांची मिळून गटग्रामपंचायत असते, तसलंच तिकडच्या खेड्यांचं होतं. फक्त गावं डझनभर. एक मोठं, बाकीची जंगलात नि तळ्याकाठी विखुरलेली. सुट्टीत आम्ही मैत्रिणीच्या आजीकडं उतरलो, ते त्यातलं सगळ्यात लहान गाव. लाकडी घरं, खिडक्यांच्या चौकटींवर नक्षी, आत पांढरे पडदे. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"लोकं वावरात गेले काय वं?" मी नातीला विचारलं.

"लोकं नाहीच आहेत, आजी. कोणी शहरात गेले, कोणी वारले. हिवाळ्यात हे म्हातारी एकटीच राह्यते इथं."

मी पायरीवर मटकन बसले. आमच्याकडं दोन घरांमधल्या हातभर बोळासाठी सख्ख्या भावांनी बोलणं टाकलंय, आणि इथं अख्खं गाव मोकळं! बाकीच्या प्रत्येक घराच्या दाराला मात्र एकेक काठी तिरपी टेकवलेली होती. शेळ्यांसाठी असेल, मी मनाशी ठरवून टाकलं. आम्हीही तसंच करतो. उघड्या दाराला काठी आडवी असली की शेळी आत शिरत नाही. त्या गावात मला एकही शेळी दिसली नव्हती. पण शहाण्या बाईला असले प्रश्न पडत नाहीत.

जेवताना म्हातारी सारखी खिडकीकडं बघत होती. नातीनं तिचं बोलणं मला सांगितलं. बर्फ पडायच्या आधी त्यांची सरपंच बाई गावोगाव फिरते. जिथं माणूस राहणार असेल, तिथला रस्ता ट्रॅक्टर हिवाळाभर मोकळा ठेवतो आणि पावाची गाडी येते. जिथं कोणी नाही, तो रस्ता बर्फाखाली जातो. रस्ता बंद झाला की म्हातारीचा मुलगा तिला शहरात नेणार होता, उंच इमारतीतल्या घरात. "तिथं खिडकीतून काय दिसतं? दुसऱ्याची खिडकी," ती म्हणाली. सरपंच बाई दुसऱ्याच दिवशी येणार होती.

सकाळी पोरी पाव आणायला मोठ्या गावाला चालत गेल्या. म्हातारी फरशीखालच्या तळघरात बटाटे निवडायला उतरली. मला जायचं होतं परसातल्या संडासाला. घर उघडं कसं टाकायचं? हाताला सवय. पायरीजवळची काठी उचलली, दाराला टेकवली आणि निघाले.

आत बसते न बसते तोच जीपचा आवाज आला. फळ्यांच्या फटीतून पाहिलं. उंच बुटांतली एक बाई उतरली, दाराकडं बघितलं, मान हलवली आणि परत जीपमध्ये चढली.

"अवं बाई, थांब ना वं!" मी ओरडले. पण लुगडं सावरून बाहेर येईस्तोवर जीप तळ्याच्या वळणाला लागली होती.

इंजिनाचा आवाज ऐकून म्हातारीही धावत वर आली होती. दारातली काठी पाहून ती पांढरीफटक पडली. माझं मनगट धरून मला रस्त्यावर नेलं आणि समोरच्या घराच्या काठीकडं बोट केलं. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. आणि दोन्ही रिकामे तळवे माझ्यासमोर धरले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथं कुलूप लावत नाहीत. घरात कोणी नाही, हे सांगायला काठी टेकवतात. त्या घरांतून शेवटचं माणूस काठी टेकवून निघालं होतं, आणि ती काढायला कोणी परतलंच नव्हतं. आणि मी? जितीजागती बाई घरात असताना तिच्या दाराला तीच खूण लावून संडासाला गेले होते!

तळ्यापलीकडच्या रस्त्यावर जीप अजून दिसत होती. गोठ्यात डास झाले की आम्ही ओलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पेटवतो. जाळ कमी, धूरच धूर. मी चुलीतली पेटती लाकडं अंगणात आणली आणि कुंपणाजवळचं ओलं गवत त्यावर लोटलं. म्हातारीला वाटलं, मला वेड लागलं. मग तिनं एकदा जीपकडं पाहिलं आणि पळत जाऊन पाटीभर ओला पाला आणला.

धूर झाडांच्या वर गेला. जीप थांबली. वळली.

सरपंच बाई बादली घेऊनच उतरली. समोर दोन काळ्या तोंडाच्या म्हाताऱ्या खोकत उभ्या. आमची म्हातारी छातीवर हात ठेवून एकच शब्द बोलली. नातीनं नंतर अर्थ सांगितला: राहते.

धूर पाहून पोरीही धावत आल्या. "आजी, काय करून ठेवलं वं तू!"

सरपंच बाईनं आम्हाला यथेच्छ झापलं. मग माझ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं आणि म्हातारीनं उत्तर दिलं, तशा पोरी हसत सुटल्या. "ही पण हिवाळाभर राहणार काय?" असं तिनं विचारलं होतं. म्हातारी म्हणाली, "नको, हिला घेऊन जा. ही राहिली तर गावच उरायचं नाही."

हिवाळ्यात नातीनं फोनवर दाखवलं. दोन्ही बाजूंना छातीभर बर्फ, मधून ट्रॅक्टरनं काढलेला रस्ता आणि त्याच्या टोकाला म्हातारी, हातात पाव घेऊन.

तेव्हापासून मी आमच्या दाराला काठी लावत नाही. सून ओरडते, "आई, काहून काठी नाही लावली? शेळीनं सारं पीठ खाल्लं ना!"

काठी मी परसात रोवलीय. तिच्यावर वालाचा वेल चढवला होता. परवा शेळीनं तोही खाल्ला.